लेकराची शाळा बघताना

लेकराचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट हातात पडलं, त्यावर टक्के आले, आणि आता जो भेटेल तो तुला एकच विचारतोय, याला कुठल्या शाळेत घालणार? सासूबाई म्हणतात परभणीला निवासी शाळेत ठेव, जाऊ म्हणते गावातल्या शाळेतच राहू दे, गुरुजी सुचवतात की घरीच काय ते शिकवा. मावशी म्हणून आणि जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई म्हणून सांगते, टक्क्यांवरून शाळा ठरत नसते. ते टक्के युडीआयडी कार्डासाठी, पगारीसाठी, एसटीच्या सवलतीसाठी. शाळा ठरवायची ती लेकराचा दिवस डोळ्यांपुढं आणून. ते जाईल कसं, बसेल कुठं, संडासला नेईल कोण, आणि बाई जे बोलतील ते त्याच्यापर्यंत पोचेल कशानं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी विचारत नाही.

पायानं अधू असलेल्या, ऐंशी टक्केवाल्या लेकराला गावातली साधी शाळा पुरते. पायऱ्यांशेजारी उतार हवा, वर्ग खालच्या मजल्यावर हवा, संडासात धरायला दांडी हवी. बुद्धी शाबूत असताना निव्वळ पायांपायी त्याला घरापासून तोडू नये. बहिऱ्या लेकराचं मात्र उलट आहे. ते चालतं, पळतं, फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेतं. वही बघून आईबाप खूश, गुरुजीही खूश. त्याच वहीतला एक शब्द खुणेनं दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही. चौथीपर्यंत असंच चालतं, आणि तोवर भाषा रुजायचं वय निघून गेलेलं असतं. म्हणून ऐकू न येणाऱ्या लेकरासाठी आधी भाषा, मग इयत्ता. यंत्र लावून बोली येत असेल तर बोली, नाही तर खुणांची भाषा, पण लहानपणीच आणि रोज. ती देणारी साधी शाळा जवळ नसेल तर पहिली काही वर्षं कर्णबधिरांची शाळा बरी, यात मला शंका वाटत नाही. आणि कानातल्या यंत्राचा साचा कान वाढतो तसा बदलावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, लेकरू ते काढून दप्तरात टाकतं. यंत्र दप्तरात आहे की कानात, हे शाळेत रोज बघणारं कुणी आहे का, ते विचार. जन्मतः बहिरं असेल आणि कॉक्लियरच्या ऑपरेशनचं कुणी सुचवलं असेल, तर पाचाच्या आत विचार कर, वय वाढेल तसा उपयोग कमी होतो.

डोळ्यांनी अधू लेकराला ब्रेल शिकवणारं कुणीतरी हवंच, कॅसेट नि मोबाईलवर ऐकून लिहिता येत नसतं. नुसतं वाचन-लिखाण अडणारं, बाकी चलाख असलेलं लेकरू विशेष शाळेत घालायचंच नाही. त्याला आळशी म्हणणं आधी बंद करायचं.

समज कमी असलेल्या किंवा स्वमग्न लेकराचं सगळ्यात अवघड, कारण तिथं दोन्ही वाटा बरोबर असू शकतात. माझा कल सांगते. सहा ते दहा वयात, गावची शाळा लहान असेल, दोन शिक्षक नि वीस-पंचवीस पोरं असतील, बाई मायाळू असतील, तर तिथंच ठेव. पोरांची नक्कल करत ते जितकं शिकतं तितकं कुठं शिकत नाही. पण सात-आठ वर्षांचं झाल्यावरही ते नुसतं भिंतीला टेकून खिचडीची वाट बघत बसत असेल, तर त्याला शाळेत जाणं म्हणत नाहीत. मग विशेष शाळा बघ, आणि तिथं विचार की पैसे मोजणं, कपडे घालणं, एकट्यानं दुकानात जाणं हे कोणत्या वर्षी शिकवता. मुंबईच्या जय वकील संस्थेनं तयार केलेला 'दिशा' नावाचा अभ्यासक्रम आपल्या राज्यातल्या मतिमंद मुलांच्या शाळांसाठी आहे. तो चालवतात का, लेकराचा वेगळा आराखडा करतात का, तो दाखवतात का, ते विचार. शिक्षकाकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो विचारताना लाजू नको.

नक्की काय झालंय हेच कळत नसेल तर सिकंदराबादला जाऊन ये. तिथं 1984 सालापासून बौद्धिक दिव्यांगांची केंद्र सरकारी संस्था आहे. परभणी स्टेशनावरून थेट गाडी मिळते. पुण्या-मुंबईच्या नावानं घाबरून घरी बसू नको, हे आपल्याला जवळ आहे.

इंग्रजी शाळेचा हट्ट मात्र सोड. ज्याला अजून मायची भाषा नीट उमगली नाही, त्याच्यावर परकी भाषा लादू नये. जिंतूर-गंगाखेडकडच्या तांड्यांवरच्या, घरात गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला मराठीसुद्धा नवी असते. त्याच्या बाईंना घरातले दहा-बारा शब्द लिहून दे: पाणी, भूक, दुखतंय, आई. तेवढ्यानं रडणं निम्मं होतं.

आता निवासी शाळेचं. आपल्याकडं दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन निघतं, आणि कारखाना बंद होईस्तोवर परत येत नाही. फडात नेलं तर शाळा बुडते, ठेवलं तर जीव तुटतो. म्हातारी धडधाकट असेल तर लेकरू तिच्याजवळ आणि शाळा गावातच. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, त्यात तुझ्या लेकराचंही नाव घ्यायला लाव. हे काहीच जमत नसेल तेव्हाच निवासी शाळा. तिथं जायचं ते न सांगता जायचं, आणि दुपारी नाही, संध्याकाळी जेवणाच्या वेळी. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, मुलींकडं बाई असते का, फिट आली तर गाडी कुणाची, आजारी पोराला वेगळं कुठं ठेवतात, हे विचार. हजेरीवर किती आणि पंगतीला किती, ते मोजून घे. आठवड्याला फोनवर बोलू देत नसतील तर तिथं ठेवू नको. लेकराला अंगाला कुणी कुठं हात लावायचा नाही हे आधी घरी शिकव. बोलता येत नसेल तर बोटानं दाखवायला शिकव. वयात येणाऱ्या मुलीचं पाळीचं कोण बघतं, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचार. उत्तर देताना ते चाचरले तर समज की कुणीच बघत नाही.

शाळा बघायला जून उजाडायची वाट बघू नको. जूनमध्ये सगळ्याच शाळा रंगवलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा रोजच्या चालीत असताना जा. आधी संडास बघ, मग नळ, मग वर्ग. मागच्या बाकावर तासभर बस. मुख्याध्यापकांशी बोलून झालं की खिचडी शिजवणाऱ्या बाईशी बोल, कारण तुझ्या लेकराचा हात धुवायचा आणि पँट बदलायची वेळ आली तर तीच धावणार आहे. उन्हाळ्यात आपल्याकडचे पत्रे किती तापतात तुला ठाऊक आहे. गोंगाट आणि उकाडा सहन न होणारं लेकरू असेल तर पत्र्याचा वर्ग नको, झाडाखालची जागा बरी.

आणि कुणी नाही म्हटलं तर? तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. चाळीस टक्के किंवा त्यावर अपंगत्व असलेल्या लेकराला सहा ते अठरा वर्षांपर्यंत, जवळच्या शाळेत किंवा तुला हव्या त्या विशेष शाळेत, मोफत शिकायचा हक्क आहे. अठरापर्यंत, हे ध्यानात ठेव. आठवी झाली, आता फुकट नाही, असं ऐकवणारे भेटतात. वर्षाच्या मधे आलात, जन्मदाखला नाही, आधी परीक्षा घेऊ, ही कारणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यापुढं टिकत नाहीत. तोंडी नकार घेऊ नको. अर्ज लेखी दे, झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, आणि 'नाही' लिहून माग. लिहायला सांगितलं की बहुतेकांचं 'नाही' विरघळतं. नाही विरघळलं तर गटशिक्षणाधिकारी, आणि त्याच्यावर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

घरी शिकवण्याचा पर्याय कायद्यात आहे, पण तो अंथरुणाला खिळलेल्या, बहुविकलांग लेकरांसाठी, तोही आईबापानं मागितला तर. शाळेच्या सोयीसाठी तुझी सही घेऊन चालत-बोलत्या पोराला घरी बसवायला तो नाही. कागद न वाचता सही करू नको.

गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. एकेकाकडं बऱ्याच शाळा असतात, त्यामुळं आपल्या शाळेवर ते कोणत्या वारी येतात ते विचारून घे, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नको, आणि स्वतः तासभर त्यांच्याशेजारी बस. त्यांनी शिकवलेलं घरी तुलाच करायचं आहे. कागदांचं एकच सांगते: आधार, युडीआयडी आणि शाळेच्या रजिस्टरात नावाचं स्पेलिंग एकसारखं ठेव, आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या आधी जिल्हा रुग्णालयात जा. दहावीला तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण त्याचे अर्ज आधी करावे लागतात, परीक्षेच्या तोंडावर नाही.

एकदा घातलं म्हणून तीच शाळा दहावीपर्यंत, असं मनात धरू नको. दर दिवाळीला बघ, गेल्या दिवाळीपेक्षा काय नवं जमतंय. शाळा बदलणं म्हणजे हरणं नाही. पहिली काही वर्षं विशेष शाळेत आणि पाचवीला गावात, असंही होतं, उलटंही होतं.

आणि थोरल्या लेकीचं. तिची शाळा सोडवून तिला धाकट्याच्या मागं लावायचा विचार घरात चालू आहे, ते माझ्या कानावर आलंय. तसं करू नको. लेकराला शाळेत न्यायला-आणायला मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता आहे, मुलगी असेल तर प्रोत्साहन भत्ताही. ते शाळेतून आणि गटसाधन केंद्रातून मागायचे असतात. थोरलीच्या नावावर घरातलं ओझं टाकण्याआधी सोमवारी तालुक्याला जा आणि या भत्त्यांचा अर्ज देऊन ये. पोच घ्यायला विसरू नको.