पेरणीच्या वेळी विज्ञान सांगताना

चुडावा, ता. पूर्णा, जि. परभणी



गावात विज्ञान सांगायचे तर ऐकणाऱ्यापुढे उभ्या असलेल्या निर्णयापासून सुरुवात करावी. जूनमध्ये चुडाव्याच्या शिवारात प्रश्न एकच असतो: पेरावे की थांबावे? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरण्याची आहे. नुसता आकडा विसरला जातो. कारण सांगितले तर तो लक्षात राहतो. पहिल्या सरींनी जमिनीचा वरचा थरच भिजतो. त्या ओलीवर बी उगवते, पण पावसाने ओढ दिली की वरची ओल उडते आणि कोवळ्या मुळाला खाली ओल सापडत नाही. दुबार पेरणीचा खर्च सोसलेल्या माणसाला यापुढे काही समजवावे लागत नाही.

मिलिमीटरही डोळ्यांना दिसायला हवा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून त्यात साचलेले पाणी पट्टीने मोजता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी.

सर्वांत परिणामकारक प्रयोग सोयाबीनच्या उगवणक्षमतेचा, कारण त्यात सांगणारा मागे सरतो. पोत्यातले १०० दाणे निवड न करता घ्यावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी आणि आठवड्याने चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा जास्त निघाले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. कमी निघाले तर प्रमाण वाढवावे लागते. मोजणी शेतकऱ्यानेच करावी. दाणे वेचून घेतले तर आकडा फसवा येतो, हे तिथेच पटते. नमुना निवडण्याचे शास्त्र याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही. सोयाबीनचे आवरण पातळ असते, म्हणून पोते आदळू नये, हेही त्याच बैठकीत सांगावे.

सांगणाऱ्याने आपल्या पदवीवर भिस्त ठेवू नये. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. कथेला पारितोषिक मिळाले ते तिच्या गुणावर. शास्त्रज्ञ म्हणून नाव झालेल्या माणसाने पत्करलेली ही कसोटी फार मोलाची आहे.

अनिश्चितता मात्र कधीच लपवू नये. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. हे आधी सांगून ठेवले तर पूर्णेला सर येऊन चुडावा कोरडा राहिला तरी अंदाज खोटा ठरत नाही, आणि पुढे विजांचा इशारा आला की माणसे शेतातून वेळेवर घरी परततात.

— मामा