शिवसागराच्या काठी मुक्काम : एक छोटा अभ्यास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा आप्पांनी मला विचारले, “पोरी, तू कालेजात शिकतीस. मग एवढं सांग, पाण्याकडचं बारा गुंठं रान द्यायचं का ठेवायचं?”

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. भूगोल आणि अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीला याचे उत्तर येणारच, अशी त्यांची समजूत. शहरातील एक गृहस्थ त्या जागेवर लाकडी खोल्या बांधणार होते आणि शेजारी कॅराव्हॅन उभ्या करण्यासाठी सपाटी करणार होते. भाव बरा होता. मला मात्र उत्तर येत नव्हते. ते शोधण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख.

आमचे गाव जावळी तालुक्यात, बामणोलीच्या बाजूला, शिवसागर जलाशयाच्या काठी आहे. साताऱ्याहून कासमार्गे येणारे पाहुणे त्याला ‘लेक’ म्हणतात. परंतु हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे. महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहणारी कोयना १९६४ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवली आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचे पाणी डोंगरांच्या बेचक्यांतून पसरले. त्या पाण्याखाली माझ्या आज्याचे गाव आहे. काही घरे सोलापूर, सांगली, रायगडकडे गेली. आमच्यासारखी काही डोंगर चढून वर सरकली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे आमची माणसे कायद्याच्या आधीच उठली. ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी जाहिरात वाचताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट काठाची. कोयनेचे पाणी पश्चिमेला पोफळीकडे वळवून वीज निर्माण करतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली असून हिशेबाचे वर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला जलाशय मे महिन्यापर्यंत खाली खाली जातो. दिवाळीत ज्या खोलीच्या पायरीपासून पाणी हाकेच्या अंतरावर असते, तिच्यापुढे उन्हाळ्यात लांबवर भेगाळलेली जमीन दिसते. लोक त्या उघड्या जमिनीत गाळपेर करतात. तेव्हा काठ म्हणजे एक ठाम रेषा नव्हे, हा भूगोलाचा पहिला धडा. जो पाण्याला अगदी खेटून खोली बांधील, त्याचे सांडपाणी पावसाळ्यात थेट जलाशयात जाईल.

तिसरी गोष्ट जंगलाची. पलीकडच्या तीरावर कोयना अभयारण्य आहे. ते १९८५ साली घोषित झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ साली पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत गेले. तेथे रात्रीच्या मुक्कामास परवानगी नाही. नावेने वासोट्याला गेलेल्या माणसाला संध्याकाळी परतावेच लागते. साहजिकच मुक्कामाचा सगळा भार अलीकडच्या काठावर, म्हणजे आमच्या रानांवर पडतो.

हा मुक्काम मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला तंबू. त्याला भांडवल थोडे लागते. पण आमच्याकडचा पाऊस असा की, जूनमध्ये तो गुंडाळून ठेवावा लागतो. दुसरा खोलीचा. लाकडी खोली चित्रात शोभते. परंतु चार महिन्यांच्या ओलीने फळ्या फुगतात आणि मग वाळवी धरते. आमच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या किंवा कारवीच्या कुडाच्या असत आणि वर उतरती कौले असत, ते उगीच नव्हे. तिसरा प्रकार कॅराव्हॅनचा, म्हणजे झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा व शौचालय असलेल्या गाडीचा. राज्य शासनाने २०२१ साली या पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. गाडी सकाळी निघून गेली की मागे बांधकाम उरत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु गाडीतील मैल्याची टाकी कोठे तरी रिकामी करावीच लागते. तशी सोय नसेल, तर ती ओढ्यात रिकामी होण्याची भीती आहे. शिवाय आमच्या वाटेची वळणे एस. टी.च्या चालकालाही घाम फोडतात.

आता अर्थशास्त्राकडे वळू. त्याच सुट्टीत मी आणि आई काठावरच्या एका मुक्कामाच्या जागी कामाला गेलो. तेथे नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा यांचे ताट ३५० रुपयांना होते. आईला भाकरीमागे दहा रुपये मिळाले. पीठ मालकाचे, चूल मालकाची, हे खरे. तरीही पाहुणे ज्या चवीसाठी आले होते ती आईच्या हातची होती. जमीन विकली, तर एकदाच रक्कम येईल आणि नंतर आपल्याच रानात आपण भाकऱ्या थापायला जाऊ. माझा भाऊ वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आहे. त्याला परत आणण्याइतके काम या बारा गुंठ्यांत निघेल काय, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

सुट्टी संपण्यापूर्वी मी आप्पांना उत्तर दिले. जमीन देऊ नये. पण नुसती ठेवूनही भागणार नाही. पाण्यापासून दूर, वरच्या बांधालगत जांभ्याच्या दोन खोल्या बांधाव्यात. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आधी, रंगरंगोटी नंतर. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये, कारण वासावर रानडुकरे येतात. रात्री ध्वनिक्षेपक नको आणि दिवे मंद असावेत; मे-जूनमधील काजवे पाहायला लोक येतात, ते झगझगीत उजेडात दिसत नाहीत. कॅराव्हॅनचा विचार रस्ता आणि मैल्याची सोय झाल्यावर करावा. राज्याच्या २०२० सालच्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला शेतावर पाहुणे ठेवण्याची वाट दाखवली आहे. तिची चौकशी करावी.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पैका?” या एका शब्दाला माझ्या वहीत पुरते उत्तर नव्हते. भावाची शिल्लक, थोडे कर्ज आणि पावसाळ्याचे चार महिने उत्पन्न शून्य, असा हिशेब मी मांडून दाखवला. तेव्हा ते म्हणाले, “मग पयल्या वर्सी एकच खोली घालू.”

आजा अंगणात बसून ऐकत होता. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की त्याच्या घराचे जोते उघडे पडते आणि तो मला तेथे नेऊन चुलीची जागा दाखवतो. तो एवढेच म्हणाला, “पावणा आला की त्याला सांगत जा, खाली कोण राहात हुतं.”

खोलीचा पाया अद्याप खणलेला नाही. मात्र त्या गृहस्थांना नकार कळवला आहे. माझे उत्तर बरोबर की चूक, हे दोन-तीन पावसाळे गेल्यावर कळेल. सरांनी आणि मैत्रिणींनी त्यातील चुका जरूर दाखवाव्यात. पाया खणण्यापूर्वी दाखवल्या, तर अधिक उपकार होतील.