धूमकेतूचा आयन स्प्रेडशीटवर पळवा

अमरावतीत असा की अकोल्यात, लॅपटॉपवर एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क असलं की पुरे. धूमकेतूच्या वाफेतला पाण्याचा एक रेणू उन्हानं आयन झाला, सौरवाऱ्यानं त्याला उचललं. त्याची वाट आज आपण काढू. बसा शेजारी!

१. नवी फाइल उघडून लगेच सेव्ह करा. भारनियमन विचारून येत नाही.

२. पहिल्या ओळीत ए ते ई रकान्यांना नावं द्या : वेळ, उभा वेग, आडवा वेग, आडवं अंतर, उभं अंतर.

३. जी रकान्यात वरून खाली ५, ४०० आणि १८ लिहा : चुंबकीय क्षेत्र (नॅनोटेस्ला), सौरवाऱ्याचा वेग (किमी प्रतिसेकंद), आयनाचं वस्तुमान (अणुवस्तुमान एककात). अंक इंग्रजी टाका. देवनागरी अंक मजकूर समजला जाऊ शकतो.

४. जी-४ मध्ये सूत्र : जी-१ गुणिले ०.०९६५ भागिले जी-३. हा आयनाचा वळण्याचा दर. उत्तर ०.०२६८ यायला हवं. नाही आलं तर पुढे जाऊच नका.

५. जी-५ मध्ये जी-१ गुणिले जी-२ भागिले १०००. हे विद्युतक्षेत्र : २ मिलिव्होल्ट प्रतिमीटर. एवढंसं दिसतं, पण सगळी ओढ त्याचीच.

६. दुसऱ्या ओळीत पाचही रकान्यांत शून्य.

७. ए-३ : ए-२ अधिक १. एक ओळ म्हणजे एक सेकंद.

८. बी-३ : जी-२ मधून सी-२ वजा करा, जी-४ ने गुणा, बी-२ मध्ये मिळवा. जी-२ आणि जी-४ वर एफ-४ बटण दाबून डॉलरची चिन्हं आणा. ती टाकायची राहिली की खालच्या ओळींत सूत्र भलत्याच सेलमधून आकडे उचलतं. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, तेव्हा दोनदा बघा.

९. सी-३ : बी-३ गुणिले जी-४, त्यात सी-२ मिळवा. जी-४ ला इथेही डॉलर. आणि बी-३ च घ्या, बी-२ नको! जुना वेग घेतला तर आलेखातली प्रत्येक कमान आधीच्यापेक्षा उंच होत जाते. आयनाला फुकटची ऊर्जा मिळते.

१०. डी-३ : डी-२ अधिक सी-३.

११. ई-३ : ई-२ अधिक बी-३.

१२. ए-३ ते ई-३ निवडा.

१३. कोपऱ्यातला चौकोन धरून ५०२ व्या ओळीपर्यंत ओढा.

१४. डी आणि ई निवडून स्कॅटर आलेख काढा. लाइन आलेख नको, त्यात आडव्या अक्षावर अंतराऐवजी ओळींचे क्रमांक येतात.

आल्या ना दोन सुरेख कमानी? उंची सुमारे ३०,००० किमी, माथ्यावर वेग ८०० किमी प्रतिसेकंद. या वेगानं अमरावती ते अकोला हे साधारण शंभर किलोमीटर सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात संपतील.

१५. धूमकेतूच्या केंद्रकाजवळ सौरवारा मंदावतो आणि क्षेत्र दाटतं, म्हणून जी-१ मध्ये २० करा.

१६. जी-२ मध्ये १०० करा. कमानी आक्रसून १,८७० किमीच्या होतात, जी-५ मात्र २ वरच राहतं. मला हा भाग फार आवडतो.

आलेखावर केंद्रक मापात काढायला जाऊ नका. रोझेटा यानानं २०१४ ते २०१६ मध्ये जवळून पाहिलेला चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को धूमकेतू जेमतेम चार किलोमीटरचा. तो ठिपकासुद्धा दिसणार नाही.

इथे क्षेत्र आपण बाहेरून दिलंय, आयन ते बदलत नाही. तेही हवं असेल तर पायथॉन शिकायला घ्या. तोवर जी-३ मध्ये ४४ टाकून कार्बन डायऑक्साइडचा आयन सोडून बघा.