मधुमेह आणि मराठी ताट

मधुमेहाचे निदान झाले की रोग्याच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर आहाराचा एक कागदही पडतो. औषधाची चिठ्ठी दुकानात नेली की तिचे काम भागते. आहाराचा कागद मात्र स्वयंपाकघरात न्यावा लागतो आणि तिथे त्याची गाठ पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयींशी पडते. या गाठीचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पथ्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. प्रमेहाच्या रोग्याने जवाचे पदार्थ खावेत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. त्यापूर्वी पाश्चात्त्य वैद्यकाजवळही कडक उपासमारीखेरीज फारसा उपाय नव्हता. त्या मानाने आजचे पथ्य सौम्य म्हटले पाहिजे.

साखर सोडली की पथ्य झाले, असा समज सर्वत्र आढळतो. साखर सोडणे योग्यच आहे. चहाच्या एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांतून ५० ग्रॅम साखर नकळत पोटात जाते. परंतु भात, पोळी, भाकरी, बटाटा यांतील पिष्टाचेही पचनानंतर ग्लुकोजच होते. म्हणून बिनसाखरेचा चहा पिऊन वर परातभर पोहे खाणाऱ्याने काय साधले, हा प्रश्न उरतोच. गुळाची कथाही तीच. गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी तो मुख्यतः साखरच आहे. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट! ज्वारीची भाकरी भातापेक्षा बरी, कारण तिच्यात तंतू अधिक असतात. पण १०० ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय भाग असतो, तेव्हा ‘भाकरी कितीही चालते’ हे म्हणणे खरे नव्हे.

आता आपले ताट पाहू. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि चमचाभर कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद. जेवणाचा आरंभ वरणभाताने आणि शेवट ताकभाताने. मधल्या वेळात पोळ्या. मधुमेही माणसाला हीच मांडणी बदलावी लागते. निम्मे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव भाग उसळ, डाळ, अंडी वा मासळी यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरी किंवा भात यांचा, असे साधारण प्रमाण आज सांगितले जाते. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ आणि शेवटी भाकरी वा भात असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असेही आढळून आले आहे. यात परके, महागडे असे काहीच नाही. मटकीची उसळ, मेथी, काकडीची कोशिंबीर, ताक हे सारे आपल्या घरचेच आहे. फक्त डावीकडची चमचाभर कोशिंबीर वाटीभर व्हायला हवी आणि मुदीने आकसायला हवे. आरंभीचा वरणभात सोडणे मात्र पुष्कळांना साखर सोडण्याहून जड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

आणखी एक अडचण घराबाहेरची. आपल्याकडे पाहुण्याला चहा, सत्यनारायणाला शिरा, संक्रांतीला तिळगूळ. ‘एवढ्याने काय होते?’ हा आग्रह प्रेमाचा असतो, म्हणूनच तो मोडणे कठीण.

पण खरी कसोटी लागते ती रोगी घरची गृहिणी असते तेव्हा. वडिलांना मधुमेह झाला तर सारे घर त्यांच्या वेळा सांभाळते, त्यांची भाजी वेगळी निघते. आईला झाला तर? तीच रांधते, सगळ्यांना वाढते, शेवटी बसते. तोवर भाजी तळाला गेलेली असते, भात मात्र उरलेला असतो. अन्न टाकायचे नाही म्हणून तो तीच संपवते. तिच्या कागदावर ‘भात कमी, भाजी जास्त’ असे स्पष्ट लिहिलेले असते. ते पाळायचे तर भाजी अधिक चिरली गेली पाहिजे, तिची वाटी आधी काढून ठेवली गेली पाहिजे आणि उरलेल्या भाताची जबाबदारी इतरांनी घेतली पाहिजे. हे तिने एकटीने कसे करावे?

तिच्या उपवासांचाही प्रश्न आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रोग्याला तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. चतुर्थी-एकादशीपूर्वीच गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारलेले बरे. आणि ते विचारायला आईबरोबर घरातल्या कोणीतरी जावे, कारण पुष्कळदा ती ‘मला काही होत नाही’ एवढेच सांगून परत येते.