लांकडाच्या भुशांत दडलेला गॅस

सुतार करवत चालवितो व रंधा मारतो, तेव्हां त्याच्या पायांशीं ढलप्या आणि भुसा यांचा ढीग पडतो. पुष्कळदां तो उकिरड्यावर जाळून टाकतात. या टाकाऊ जिनसेपासून इंधनाचा गॅस कसा होतो, हें आज आपण पाहूं.

प्रथम मुंबईचें उदाहरण घेऊं. हिंदमातेवरून परळमार्गें दक्षिणेस लालबागेंत गेलें असतां 'गॅस कंपनी लेन' नांवाची गल्ली लागते. बॉम्बे गॅस कंपनीची ही खूण होय. दगडी कोळसा बंद भांड्यांत तापवून काढलेल्या गॅसवर मुंबईच्या रस्त्यांतील दिवे १८६५ सालीं जळूं लागले. ते दिवे आतां राहिले नाहींत. परंतु बंद जागीं तापविलेलें इंधन गॅस सोडतें, हा नियम लांकडासही लागू आहे.

आपल्या चुलीकडे नीट पाहा. ज्वाळा लांकडास चिकटलेली नसते. ती किंचित् वर नाचते. जळतो तो लांकडांतून निघालेला वायु. ओलें सर्पण धुमसतें, तेव्हां तोच वायु न जळतां धूर होऊन डोळ्यांत जातो. म्हणून धूर म्हणजे वायां गेलेलें इंधन होय.

हें इंधन वायां जाऊं न देणाऱ्या भट्टीस गॅसिफायर म्हणतात. उंच पिंपासारख्या या भट्टींत वरून वाळलेल्या ढलप्या घालतात व हवा मोजकीच सोडतात. आधीं उरलीसुरली ओल जाते. मग उष्णतेनें लांकडाचा धूर व कोळसा होतो. शेवटीं तो धूर रसरसलेल्या निखाऱ्यांतून ओढला जातो. तेथें कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे जळणारे वायु तयार होतात. एक किलो वाळल्या लांकडापासून सुमारें अडीच घनमीटर गॅस मिळतो. मात्र त्यांत निम्मा नायट्रोजन असल्यामुळें त्याची उष्णता बेताचीच असते. तो गाळून थंड केला म्हणजे त्यावर एंजिनही चालतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत लांकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी धांवल्या, त्या याच तत्त्वावर. पुढें १९९० नंतरच्या दशकांत फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें उसाचें पाचट व चिपाड यांवर चालणारा गॅसिफायर सिद्ध केला.

भुशाची एक अडचण आहे. सुटा भुसा दाटून बसतो व हवेची वाट बुजवितो. म्हणून तो दाबून त्याच्या कांड्या कराव्या लागतात. भुशाची शेगडी भरतांना आपल्या बायाबापड्या मध्यें बाटली उभी करून भुसा ठासतात व मग बाटली काढून घेतात, त्याचें कारण हेंच: हवेला वाट हवी.

आतां एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वासही नाहीं. तरी तो प्राणघातक आहे. बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजलेलीं माणसें उठत नाहींत, तीं यामुळेंच. डोकें दुखूं लागलें, घेरी आली, तर त्या माणसास तत्काळ मोकळ्या हवेंत न्यावें व वैद्यकीय मदत मिळवावी. गॅसची भट्टी जाणत्या कारागिराच्या हातून व चोहोंकडून उघड्या मांडवांतच चालवावी. घरांत शेगडी असेल, तर खिडकी उघडी ठेवल्यावांचून ती पेटवूं नये, आणि निजण्यापूर्वीं ती बाहेर काढावी.