केळीच्या पानावर

त्वचारोगाच्या वॉर्डात मी बावीस वर्षं सिस्टर होते. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिपिंडंच कातडीच्या पेशींमधला सांधा उसवतात. त्यात गेलेले काही रुग्ण अजून आठवतात. त्यांनी शिकवलेलं हे.

१. आधी तोंडात बघावं. अंगावर फोड यायच्या कित्येक महिने आधी बहुतेकांच्या तोंडात जखमा असतात. घरचे "उष्णता झालीय" म्हणत सब्जा पाजतात, कुणी बी-कॉम्प्लेक्स देतं. तोवर भाकरी सुटून माणूस पेजेवर आलेला असतो. पुढे फोडांतूनही प्रथिनं झिरपतात. अल्ब्युमिन कमी असलेला रुग्ण आला की आमच्या मॅडम औषधांच्या आधी अंडी लिहायच्या.

२. फोडापेक्षा उघड्या जखमेची भीती जास्त. १९५०च्या दशकात स्टिरॉइड आलं, त्याआधी बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. आता जातात ते मुख्यतः जंतुसंसर्गाने. रक्तात पसरलेल्या, नाहीतर न्यूमोनियाने. चादर जखमेला चिकटते, ओढली की सालपट सोबत येतं. म्हणून आम्ही केळीची पानं अंथरायचो. मधला दांडा काढून, नीट धुऊन, तेलाचा हात फिरवून. कूस बदलताना पान अलगद सुटायचं. नव्या मुली विचारायच्या, "सिस्टर, आज पंगत कुणाची?"

३. थर्मामीटरवर भिस्त ठेवू नये. स्टिरॉइड ताप झाकतं. एका आजींचा ताप नॉर्मल होता, पण सकाळपासून त्या मला लेकीच्या नावाने हाका मारत होत्या. नाडी १२०. मी "वय झालंय" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. संध्याकाळी बीपी लागेना. ती सकाळ मी विसरलेली नाही.

४. उतारवय, मधुमेह, हृदयविकार. तिन्ही असतील तर धोका जास्त, म्हणून खाट माझ्या टेबलाजवळ.

५. बरं वाटणं हाही धोकाच. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचांनी १९८०च्या दशकात रुळवलेली 'पल्स' उपचारपद्धती आमच्याकडेही चालायची. दर २८ दिवसांनी तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड. आता रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन आहे. पण कातडी सुकली की लोक तारखा चुकवतात, गोळ्या सोडतात. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम सोडलं की बीपी कोसळतं. एका रिक्षावाल्या काकांना असंच उचलून आणलं. शर्टाच्या खिशात गोळ्यांची अख्खी पट्टी होती. शुद्धीवर येताच म्हणाले, "फोड गेले होते ना, सिस्टर!"