गुरुजींनी मिशा कातरल्या

मी तेव्हा तिसरीला शिकवत होतो. शेवटच्या ओळीत एक मुलगी बसायची. हाक मारली तरी उठायची नाही. कविता म्हण म्हटले, तर नुसती बघत राहायची. मला वाटले, पोर हट्टी आहे. एकदा मी तिला छडी मारली. ते आठवले की आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी तिची आजी आली. म्हणाली, "गुरुजी, तिला मागनं हाक मारली तर घरी बी कळत नाय."

मुलीला ऐकूच येत नव्हते!

लोक अशा मुलाला मुके म्हणतात. पण त्याची जीभ बहुधा चांगली असते. मूल ऐकून ऐकून बोलायला शिकते. शब्द कानी पडलाच नाही, तर तोंडी येणार कसा?

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिचे कान तपासले. यंत्र मिळाले. मला वाटले, झाले काम. पण तसे नसते, मंडळी. यंत्र आवाज मोठा करते; शब्द स्पष्ट होतीलच असे नाही. आमच्या वर्गाला पत्रे होते. पाऊस आला की तिला यंत्रातून पाऊसच ऐकू यायचा.

मग मलाच बदलावे लागले. तिला पुढे, कडेला बसवले. तिथून माझे तोंड दिसे आणि वळले की बोलणारी मुलेही दिसत. फळ्याकडे तोंड करून बोलणे मी सोडले. आधी लिहायचे, मग तिच्याकडे बघून बोलायचे. ओरडायचे नाही, ओरडले की ओठ वेडेवाकडे होतात. खिडकीकडे पाठ करायची नाही, तोंडावर अंधार येतो. मिशासुद्धा कातरल्या! घरी सगळे हसले.

तरी नुसत्या ओठांवरून भागत नाही. आरशासमोर 'पाप', 'बाप', 'माप' म्हणून बघा. ओठ सारखेच हलतात. म्हणून खुणा हव्यात. खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे बरं का. दिल्लीच्या सरकारी संस्थेने २०१८ साली तिचा ३,००० शब्दांचा कोश काढला. आमच्या वर्गातली पोरे तिच्या खुणा माझ्याआधी शिकली. मग काय, माझ्या पाठीमागे बिनआवाजी गप्पा सुरू!

शाळेने "हे मूल आमच्याकडे नको" म्हटले, तर गप्प परतू नका. २०१६ चा कायदा आहे. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकता येते. खास शाळा हवी असेल, तर तीही निवडता येते.

मात्र सहाव्या वर्षाची वाट कशाला बघायची? तान्हे मूल मोठ्या आवाजाला दचकत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, असे दिसले की लगेच दवाखाना गाठा. आमच्या मुलीचे कान तपासले, तेव्हा ती आठ वर्षांची झाली होती.